सातपुडा दिसेलोक

पंजाबरावांची मोटार सुरू व्हायला चार माणसं, एक उतार आणि बायको मनकर्णाबाईंचं मौन लागत असे. पहिल्या दोन गोष्टी वरवट बकालात मिळत. तिसरी मिळत नसे.

"लोटा रे!" पंजाबराव आतून ओरडले.

"लोटा, लोटा! म्हैस लोटली, कांदे लोटले, आता घर बी लोटा!" मनकर्णाबाई दारातून म्हणाल्या.

मोटार दोनदा खोकली, एकदा शिंकली आणि पुन्हा गप्प झाली.

ही मोटार त्यांनी हौसेनं घेतलेली नव्हती. लेक रुख्मिणी जळगाव जामोदला दिली होती. तिचे सासरे भगवानराव कापसाचे व्यापारी, बोलायला गोड, पण मानाला मिरचीसारखे तिखट. मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, पंजाबराव छकडा घेऊन लेकीला आणायला गेले, तर भगवानरावांनी बैलांना कडबा घातला, व्याह्यांना आमरस वाढला आणि हात जोडले. "इवाई, आमची सून छकड्यात नाई बसत. एस्टीत धक्के खात तं नाईच नाई. मोटार आना, मंग खुशाल न्या." छकडा रिकामा परतला. दिवाळीलाही तेच झालं. दुसरी आखाजी तोंडावर आली, तेव्हा पंजाबराव खामगावला गेले आणि एका शेटजीच्या गोदामात कोंबड्यांना निवारा देणारी ही चार दारांची मोटार घेऊन आले.

मोटार घेणं सोपं होतं. तिला पोसणं मात्र हत्तीच्या वरताण. टायर गुळगुळीत निघाले, त्यात म्हैस गेली. बॅटरी बसली, तिच्यात लिंबांचा बहार गेला. क्लचची प्लेट जळाली, तेव्हा वखारीतले कांदे गेले. दर वेळी इंद्रभान मिस्त्री मोटारीखालून काळं तोंड बाहेर काढून म्हणे, "काही नाई दाजी, किरकोळ हाय." मनकर्णाबाई जात्यावर बसल्या की शेजारपाजारच्या बाया कान द्यायच्या:

*म्हैस दुभती गेली माही, चार चाकाच्या पायात,*
*लेक आखाजीले येते, काय घालू तिच्या चहात?*

आज मात्र मनकर्णाबाईंनी शेवटी पदर खोचला आणि स्वतःच मागून खांदा लावला. मोटार थरथरली, गुरगुरली आणि सुरू झाली.

"दाजी!" इंद्रभान बाजूनं पळत ओरडला. "एक ध्यानात ठेवा. मागचा गेर टाकू नका. स्टेअरिंगखालचा दांडा तिथं अडकते, मंग निंघत नाई!"

"नाई टाकत बे!" पंजाबराव म्हणाले आणि धुळीत दिसेनासे झाले.

जळगावात ते हुशारीनं चौकातच थांबणार होते. पण भगवानराव उपरणं उडवत समोर आले. "या, या इवाई! अठी काऊन थांबता? दारापासी घ्या, गल्लीले दिसू द्या!" मोटारीच्या पुढे उलटं चालत, दोन्ही हातांनी बोलावत त्यांनी ती अरुंद गल्लीत आणली आणि तिचं नाक थेट ओट्याला टेकवलं. आता मागे जाण्यावाचून वाटच नव्हती.

पंजाबरावांच्या घशाखाली आमरस उतरेना. विहीण गोजरबाई आग्रह करत होत्या आणि ते मनातल्या मनात मोटारीला नवस बोलत होते. शेवटी रुख्मिणी मागच्या सीटवर बसली. पंजाबरावांनी डोळे मिटून दांडा मागच्या गेरात टाकला. मोटार मागे मागे जात चौकात आली. त्यांनी दांडा ओढला. दोन्ही हातांनी ओढला. पाय टेकून ओढला. दांडा गावच्या पाटलासारखा जागचा हलला नाही.

ओट्यावर सगळी गल्ली उभी होती. भगवानरावांच्या भिवया वर गेल्या. "काय झालं इवाई? पलटवत काऊन नाई? बिघडली काय? बिघडेल मोटारीत मी सून नाई धाडत, आधीच सांगून ठेवतो. उतर गं रुख्मिणी."

पंजाबरावांच्या कानशिलांवरून घाम निथळला. म्हैस, कांदे, लिंबं सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि त्यांच्या मागे रिकामा छकडा.

तेवढ्यात मागच्या सीटवरून डोईवरचा पदर सावरत रुख्मिणी म्हणाली, "मामाजी, मोटार नाई बिघडली. मीच बाबाले सांगतलं, पलटवू नका म्हणून."

"काऊन?"

"देवळातून निंघतांनी आपुन देवाले पाठ दाखोतो काय? मंग ज्या घरानं मले लेकीवानी ठेवलं, त्या घराले पाठ कशी दाखवू?"

 गोजरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. भगवानरावांची छाती सदऱ्यात मावेना. "पाहा!" ते गल्लीकडे वळून गरजले. "पाहून घ्या लोकहो, सून कोन्हाची हाय! बोलवा रे वाजंत्री!"

पुढे सनई, मागे ताशा, मध्ये भगवानराव आणि त्यांच्याकडे तोंड करून मागे मागे सरकणारी मोटार, अशी ती मिरवणूक वेशीपर्यंत आली. पंजाबरावांनी सुटकेचा श्वास घेतला, तोच पुढचं दार उघडून भगवानराव शेजारी बसले. "मी बी येतो. असी मानाची स्वारी, आन इवायाले एकटं जाऊ देऊ? चाला!"

गाव मागे पडलं. भगवानराव म्हणाले, "आता घर दिसत नाई. घ्या सुलटी."

पंजाबरावांचा पाय गॅसवरून उडाला. मागून शांत आवाज आला, "मामाजी, सातपुडा दिसून राह्यला अजून. आपलं घर त्याच्याच पायथ्याशी. थो दिसेलोक तरी पाठ नका फिरवू."

भगवानरावांनी डोंगराकडे पाहिलं आणि हात जोडले. सातपुडा काय, वरवट बकालाच्या पारावर बसलं तरी दिसतो!

मग ती मोटार सहा-सात कोस उलटीच धावली. जळगावकडून पाठोपाठ एस्टी आली. तिची नि मोटारीची तोंडं समोरासमोर, त्यामुळे भगवानराव तिच्यातल्या उतारूंना गालिच्यावर बसल्यासारखे नमस्कार घालत राहिले. पाणी उकळून वाफेचा लोट उठला, तेव्हा ते दचकले.

"तहान लागली तिले," पंजाबराव म्हणाले. "वैशाख हाय, इवाई." विहिरीवरून बादली आणून त्यांनी तिला पाजली, इंजिन मात्र बंद केलं नाही.

त्यांची मान पिरगळून दोरी झाली होती. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. उलटी मोटार हाकायची तर सारखं मागे पाहावं लागतं, आणि मागे रुख्मिणी होती. वर्षभरात तिचा चेहरा डोळाभर पाहिला नव्हता. "बाबा, डावीकडे... बैल हाय... आता सरळ," ती सांगे, आणि ते खड्डे चुकवत तिलाच पाहत. बाभळी सरत होत्या, कापसाच्या पळाटीची रानं सरत होती, ती तेवढी तिथंच होती. सहा कोसांचे बारा व्हावेत, असं त्यांना वाटून गेलं.

वरवट बकालात मनकर्णाबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन सकाळपासून उन्हात उभ्या होत्या. धूळ दिसली. धुळीत मोटार दिसली. पण तिचं तोंड जळगावकडे!

"आली आन वापस चालली वं!" त्यांनी हंबरडा फोडला. "माही लेक वापस चालली! धरा रे!"

चार माणसं धावली आणि मोटारीला धरायला लागली. मोटार त्यांना लोटत लोटत दारात आली, "ठण्ण" असा काहीतरी आवाज झाला, खालून तेलाची धार लागली आणि ती गप्प झाली. मागचं दार उघडलं. रुख्मिणी उतरली आणि तांब्या-भाकरीसकट मायच्या गळ्यात पडली. भगवानराव गावकऱ्यांना सांगत होते, "पाठ नाई दाखवली तिनं, जळगावपासून अठीलोक!" पंजाबरावांची मान अजून मागेच वळलेली होती, त्यामुळे हे सगळं त्यांना व्यवस्थित दिसलं.

दुसऱ्या दिवशी भगवानराव एस्टीनं निघाले. स्वतःला धक्के बसण्यात त्यांना काही कमीपणा नव्हता. जाताना बजावून गेले, "आखाजी झाली की सुनेले आनून घाला. पन मोटारीतच! छकड्यात नाई, एस्टीत नाई."

"मोटारीतच," पंजाबराव म्हणाले.

"मोटारीवाचून पाय बी नाई ठेवू देत मी तिले अंगनाबाहीर," मनकर्णाबाई म्हणाल्या.

एस्टीची धूळ खाली बसायच्या आत त्यांनी मोटारीकडे धाव घेतली. खालून इंद्रभानाचे नुसते पाय दिसत होते.

"किती दिवसाचं काम हाय बे?"

"बाई, आज संध्याकाळलोक करून देतो. तुमी काळजीच करू नका."

लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर रुख्मिणी उंच उंच जात होती. मनकर्णाबाईंनी तिच्याकडे एकवार पाहिलं, मग खाली वाकून इंद्रभानाचा पाय ओढला.

"बाहीर नींघ. हात धू, जेवाले बस. आन पोट भरलं की अंदर नीट पाहा बे जरा. एवढी जुनी मोटार हाय, काहीतरी मोठं बिघडेल असंनच की तिच्यात!"