पडद्यामागचे साडेतीन फूट

ज्या वस्तूचा आपल्याला अभिमान आहे ती लपवून ठेवावी आणि लोकांनी दहादा विचारल्यावरच दाखवावी, हे सुसंस्कृत घराचे पहिले लक्षण होय. म्हणूनच आमच्या घरचा सिनेमाचा पडदा छतात असतो. रिमोट दाबला की खाली येतो, पुन्हा दाबला की गुडूप.

खोली बाबांची. अठरा फूट लांबीची घरात तेवढी एकच. निर्णय रीतसर मतदानाने झाला. पाचपैकी चौघांनी हात वर केले (पाचवे बाबा, त्यांच्या एका हातात गोळी होती, दुसऱ्यात पाण्याचा पेला).

पडदेवाल्याने टेप लावून पाहिली. छतात तुळई आडवी येत होती, त्यामुळे पडदा भिंतीपासून साडेतीन फूट अलीकडे उतरणार होता. पलीकडे बाबांची खाट आणि खिडकी.

"खाट हलवा," पडदेवाला म्हणाला.

"मी खिडकी सोडणार नाही," बाबा म्हणाले.

त्यांच्या शब्दाचा पूर्ण मान राखून (हे मुद्दाम नोंदवतो, लोक काय वाट्टेल ते बोलतात) त्यांना खाटेसकट जागच्या जागी ठेवण्यात आले.

पडदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, थेट जमिनीला टेकतो. बाबांनी एकच शंका काढली. "अरे, तो खाली असताना मला बाथरूमला जायचं झालं तर?"

"मध्यंतर असतं की, आजोबा," माझा मुलगा म्हणाला.

पडदा हाताने उचलायला सक्त मनाई आहे. सुरकुती पडली तर वॉरंटी जाते (बाबांच्या सुरकुत्या आधीच्या आहेत, त्यांचा इथे संबंध नाही). पडद्याला बारीक भोकं असतात, कारण स्पीकर मागे ठेवायचे असतात. ते खाटेखाली छान बसले. भोकांतून बाबांनाही सिनेमा दिसतो, पण उलटा. "हल्ली सगळेच हिरो डावखुरे कसे रे?" असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, "फॅशन आहे, बाबा."

आजवर एकवीस पाहुण्यांनी या व्यवस्थेचा लाभ घेतला. त्यांपैकी एकोणीस जणांनी आवाजाची तारीफ केली (दोघे झोपले होते). विशेषतः खोकला. "काय जिवंत आवाज आहे! जणू समोरच कुणी खोकतंय!" बायकोने यावर आतमध्ये खोकल्याचं औषध ठेवायचं सुचवलं. मेहुणे म्हणाले, "ताई, वेडी आहेस का? मग राहिलं काय?"

गेल्या रविवारी दुपारी पाहुण्यांसोबतचा सिनेमा संपला. मी रिमोट दाबला. मोटार नुसती घुं घुं करत राहिली, पडदा जागचा हलेना. मी पुन्हा दाबला. पुन्हा घुं. आणि त्या पांढऱ्या पडद्यातून आवाज आला:

"अरे, संपलं ना? मला बाहेर यायचंय. कुणी आहे का रे तिथे?"

मग बाबा जरा हळू म्हणाले, "खोली माझी आहे रे. मला जरा बाहेर येऊ द्या."

खरं सांगतो, मी खुलासा करणारच होतो, इतक्यात टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. दोघी हुंदके देऊन रडल्या. अशा वेळी यजमानाने रंगाचा बेरंग करावा का, तुम्हीच सांगा.

तुम्हीच सांगा, कारण तुम्ही होतात ना तिथे. पुढच्या सोफ्यावर, उजवीकडून दुसरे. रुमालाने डोळे टिपत तुम्ही शेजाऱ्याला म्हणालात, "हल्ली म्हाताऱ्या माणसांची कुणाला पर्वा आहे हो!"

आतून "नाही ना!" असं उत्तर आलं. ते तुम्हाला इतकं आवडलं, की आवाज आणखी थोडा वाढवायला सांगितलंत.