सरकारी विहिरीवरची डाळ

गोदे, ये, अशी जवळ बस. तू अमरावतीला आणि मी अकोल्याला, तरी कागद हातात धरलास म्हणजे माझ्याजवळच बसलीस असं मी समजते. आधी चार शब्द रागाचे ऐकून घे. परवा तू आमच्या बाजारात आलीस, भागाबाईनं तुझ्यासमोर वांगं मोडलं, आणि तू पदर तोंडाशी नेऊन हसलीस. ती तुझ्या आजोबांची सख्खी बहीण. हे तुला ठाऊक होतं, तू कोण हे मात्र तिला कळलं नाही. वांगी न घेताच निघून गेलीस. असं करतात का वं?

मोडते ती वांगी, खरं आहे. गिऱ्हाइकानं हात लावला की पहिलं वांगं कचकन मोडून नाकासमोर धरते. "पाह्य माय, कीड नाही. तुह्या समोर मोडलं." गिऱ्हाईक म्हणतं, अगं बाई, विश्वास आहे. ती म्हणते, "इस्वास घरी ठेव, डोये इकडे कर." संध्याकाळी टोपलीत उरतात ती मोडलेली वांगी. त्यामुळं गावाला निरोगी वांगी आणि हिला बारा महिने मोडक्यांची भाजी. मी शेजारी बसून मेथी विकते, आणि माझी सगळी उमर ते कचकन ऐकण्यात गेली.

घरीही तेच. तिच्या शेळीनं माझा वाफा खाल्ला, तर मला कळायच्या आधी तिनंच गल्लीत उभं राहून ओरडून सांगितलं. तुझ्या बापाची सोयरीक जमत होती तेव्हाची गोष्ट तर घरात कोणी तुला सांगितली नसेल. तो तेव्हा लहान. पाहुणे बसलेले, गूळपाणी झालेलं, बोलणी अगदी काठाला आलेली. आणि भागाबाई मधूनच म्हणाली, "पोरगं अजून हातरूण ओलं करते. आत्ताच सांगून ठेवते. मंग म्हनसान लपवलं." गणपतभाऊंनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, कपाळाला हात लावला. पाहुणे हसले म्हणून निभावलं, नाहीतर तू आज कुठली असतीस कोण जाणे.

गणपतभाऊ तिच्यावर चिडत, पण जीवही तेवढाच लावत. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सासरच्यांनी वाऱ्यावर सोडली. आपलं म्हणावं असं तिला जगात एकच दार होतं, ते गणपतभाऊंचं. सणाला तिथं जेवायचं, दुखलं खुपलं तर तिथं पडायचं. हे ध्यानात ठेव, म्हणजे पुढचं कळेल.

तो काळ कापसाच्या तेजीचा. सातासमुद्रापलीकडं कुठं लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. दर्यापुराकडून, अकोटाकडून कापसाच्या गाड्या यायच्या. बाजारात पाय ठेवायला जागा नाही. गाड्यांबरोबर बैल, आणि बैलांना पाणी पाहिजे. आमच्या मुलखाचं तुला माहीत आहे, नदीचा काठ सोडला की विहिरीला खारं लागतं. वाटचालीनं दमलेले बैल ते पिऊन हगवणीनं बसायचे. त्या साली बाजारात डोळ्यांदेखत जनावरं मेली. मग सरकारनं बाजारातच गोड्या पाण्याची विहीर खणायची ठरवलं. मक्ता मिळाला गणपतभाऊंना. त्यासाठी त्यांनी नदीकाठचा मळा जामीन लिहून दिला. भागाबाई महिनाभर प्रत्येक वांग्यागणिक सांगायची, "माहा भाऊ खनून राहिला सरकारची इहीर."

विहीर झाली. गणपतभाऊंनी कचेरीत लिहून दिलं की गोड पाणी लागलं. तहसीलदारानं येऊन पाहायचं आणि काम पसंत करायचं, एवढंच उरलं होतं. पण तोवर विहिरीभोवती बोराटीचे काटे रचलेले, कोणाला पोहरा सोडू देईनात. बाजार कुजबुजू लागला. तेव्हा पहिल्यांदा कोण बोललं म्हणशील? भागाबाईच. कचेरीतला कारकून भाजीला आला, त्याच्यासमोर वांगं मोडत म्हणाली, "कचेरीत लिवून देल्लं ते बाजारात कावून नाही सांगत? पानी कचेरी पिनार हाये का बैल? दवंडी द्या. माह्या भावाचं नाव लोकाइच्या कानावर जाऊ द्या."

तिनं ते भावाच्या अभिमानानं म्हटलं होतं, गोदे. कारकुनानं वर सांगितलं, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी खरंच डफडं वाजलं. गणपत मक्तेदारानं सरकारास कळवलं आहे की विहिरीस गोड पाणी लागलं, उद्या तहसीलदार येऊन पाहतील, ज्याला पाहायचं त्यानं यावं.

त्याच दुपारी आम्ही दोघी मोर्णा नदीवरून येत होतो. पाठीवर पखाली लादलेले बैल मोर्णेकडून निघून त्या काट्यांच्या आत जाताना दिसले. चुन्याचं काम कधीच संपलेलं, मग इतकं पाणी कशाला? भागाबाई थांबली. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही. ती तशीच भावाच्या घरी गेली, आणि मी तिच्या मागं.

"गणपत, खारं लागलं?"

"हळू बोल बाई."

"मले हळू येत नाही, तुले ठाऊक हाये. खारं लागलं त खारं सांग. दुसरी जागा खनू म्हना."

"कागद गेला. आता उलटं बोललो त नदीकाठचा मया जाते. चार दिवस गोड दिसलं त काम पसंत होते, मंग पुढं पाहू."

"अन् बैल?"

गणपतभाऊंनी बाहेरचं दार लोटलं. म्हणाले, "दवंडी तूच मागतली. आता एवढं कर. उद्या बाजारात येऊ नको. आंग दुखते म्हनून घरी राह्य."

परतताना ती वाटभर एक शब्द बोलली नाही. भागाबाई गप्प चालते आहे हे पाहून मला जी भीती वाटली, ती मी आजवर विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी मी मेथी मांडली तेव्हा ती जागेवर होती. टोपलीत वांगी होती, पण एकही मोडलं नाही. तहसीलदार आले, काटे बाजूला सारले, पोहरा वर आला. त्यांनी लोटाभर पाणी पिऊन मिशी पुसली. "पाणी उत्तम आहे." गणपतभाऊंनी हात जोडले. पण गाडीवाले हलेनात. दर्यापूरकडचा एक म्हातारा गाडीवान, त्याचा एक बैल त्याच महिन्यात गेलेला, मोठ्यानं म्हणाला, "ते वांगेवाली कुठं हाये? दवंडी तिनंच मागतली ना? का आता भाऊ हाये म्हनून मुकी झाली?"

लोक हसले. सगळा बाजार मान वळवून पाहायला लागला. मी तिचा हात दाबला. तिनं तो सोडवून घेतला आणि उठली.

"मुकी नाही झाली. साहेब, तुमी एक लोटा पेले. बैल दिवसभर पेनार हाये. पह्यले बैलाइले पिऊ द्या. मंग बुडातलं तयाचं पानी काढा, त्यात डाय शिजवू."

ही आमच्याकडची घरोघरची रीत. गोड्या पाण्यात तुरीची डाळ शिजून लोण्यासारखी होते. खाऱ्या पाण्यात कितीही उकळा, दाणा टणक राहतो. तहसीलदार लांबचे, त्यांना गंमत वाटली. "शिजवा," म्हणाले आणि खुर्ची मागवली. तुझ्या आजोबांचा चेहरा राखेसारखा झाला.

मोट लावली. बैल पीत राहिले, वर ओतलेलं नदीचं पाणी उतरलं, आणि खालचं गढूळ वर आलं. ते निवळू दिलं. तीन दगडांची चूल, कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, कोणीतरी डाळ शिजवायला पितळेचा गंज आणला. डाळ पडली. मी फुंकर घालायला बसले, भागाबाई चुलीपुढं, आणि समोर अगदी जवळ गणपतभाऊ उभे.

सरकारी कामाची अशी तपासणी तू कधी पाहिली नसशील. शे-दीडशे माणसं, एक तहसीलदार, आणि सगळ्यांचे डोळे एका गंजावर. सुरुवातीला थट्टा चालली. "भागाबाई, भाकरी आणू का?" "फोडनीले लसून पाह्यजे त सांग वं." मग ऊन चढलं तशी थट्टा विरली. फेस आला आणि गेला. भागाबाईनं पळीनं दाणा काढून बोटानं दाबला. दाणा दबला नाही. तिनं पळी परत बुडवली.

"अजून होऊ द्या," गणपतभाऊ म्हणाले. आवाज फाटला होता.

आणि तेव्हा मी पाहिलं. तिचा डावा हात पदराच्या टोकाशी होता. टोकाला गाठ होती आणि ती गाठ ती बोटांनी सोडत होती. आत पांढरी चिमूट. पापडखार. अगं, खाऱ्या पाण्यात डाळ अडली की बायका हळूच चिमूटभर पापडखार टाकतात, आणि घटकेत डाळ विरघळते. गंज फेसाळत होता, धूर होता, मी मधे होते. हात पुढं केला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. मळा राहिला असता, तिचं ते एक दार राहिलं असतं.

मी मान वर केली तर गणपतभाऊंनाही दिसलं होतं. ते त्या चिमटीकडं असे पाहत होते, जसं बुडता माणूस काठाकडं पाहतो.

भागाबाईनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मग पाण्याच्या डोणीपाशी उभ्या बैलांकडं. आणि गाठ परत बांधली. दातानं ओढून घट्ट केली.

"साहेब," ती म्हणाली, "दाबून पाहा. खारं हाये."

त्याच जागी डफडं वाजलं की पाणी खारं, काम नापसंत. मक्ता गेला, मळा गेला. गणपतभाऊ तिच्याजवळून जाताना म्हणाले, "मले बहीन नाही." महिन्याभरात ते बिऱ्हाड घेऊन अमरावतीला गेले. विहीर पुढं दुसऱ्या कोणी नदीच्या अंगाला खणली, तिला गोड पाणी लागलं. बैल आजही तिथंच पितात.

तुझ्या घरी तुला सांगितलं असेल की तिनं भावाची भर बाजारात अब्रू घेतली. गाठीचं सांगितलं नसेल. गणपतभाऊंना ती चिमूट हातात असून न टाकल्याचं दुःख आहे, आणि त्यांचं दुःख मी खोटं म्हणणार नाही. पण मी वेगळ्या जागी बसले होते. बाजारात पापडखार कोणी सहज बांधून आणत नाही. जन्मात ज्या बाईनं काही लपवलं नाही, ती त्या दिवशी घरून पदराला गाठ मारून निघाली होती. कोणासाठी, ते तू सांग.

दर दिवाळीत ती स्वतःसाठी एक लुगडं घेते. भावाशी बिनसलेल्या बायका बाजारात खुशाल सांगतात की भावानं धाडलं, आणि कोणी खोलात जात नाही. हिला तेवढंही जमत नाही. कोणी विचारायच्या आधीच म्हणते, "भावाचं नोहे, माहं मीच घेतलं." आणि मग बराच वेळ टोपलीतली वांगी इकडची तिकडं करत बसते.

दिवाळी जवळ आली, गोदे. लुगडं आणू नकोस, ते आणणारा दुसरा आहे आणि त्यालाच शोभेल. तू नुसती ये. तिच्यासमोर बस आणि कोणाची नात ते स्पष्ट सांग. तिच्या गुडघ्यांना आता बाजाराची वाट फार दिवस झेपायची नाही, म्हणून लवकर ये.