मोटर चालू आहे

शनिवारी सकाळी गाडी पुसून झाल्यावर मास्तरांनी वायपरचं बटण फिरवलं. आतून घूंऽऽ असा आवाज आला, पण दोन्ही वायपर जागचे हलले नाहीत.

"मोटर जळाली," मास्तर म्हणाले.

"जळाली तर आवाज कुठून येतोय?" बाईंनी विचारलं.

"जळतानाचा आहे तो."

मास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, आणि बाईंचे यजमान. निवृत्तीनंतर घरात काहीही बिघडलं की आधी ते हात लावत, आणि त्यानंतर ती वस्तू बिघडलेली आहे याबद्दल कुणाच्याच मनात शंका उरत नसे. बाई रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं नोकरीला होत्या. दर सोमवारी-मंगळवारी साठ-साठ माणसं त्यांच्यापुढे बाही वर करत. मोजल्याशिवाय बोलायचं नाही आणि पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता होता.

बुधवारी बाईंची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. चौथी. पहिल्यांदा गाडी चढावर बंद पडली. दुसऱ्यांदा त्यांनी इंडिकेटरऐवजी वायपर लावला. तिसऱ्यांदा एका कुत्र्याला रस्ता देण्यासाठी त्या चार मिनिटं थांबल्या. कुत्रं झोपलेलं होतं. तिन्ही परीक्षा क्लासच्या गाडीवर झाल्या होत्या, म्हणून या खेपेला घरचीच गाडी न्यायची ठरली. शिकाऊ लायसन्सची मुदत बुधवारीच संपत होती, आणि त्याच्या पुढच्या सोमवारपासून लॅबची नवी शाखा उघडत होती, अठ्ठावीस किलोमीटरवर. शाखाप्रमुखानं सकाळी सहाला तिथे हजर असायला हवं आणि पहिली बस आठला. बाईंना गाडी चालवता आली नाही, तर ते पद जाणार होतं एका अत्तर लावून येणाऱ्या तरुणाकडे, जो नमुन्याच्या बाटल्यांवर नावं घालायला विसरत असे.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मालक कुठल्याही कामाला 'उद्या' म्हणायचा, म्हणून सगळे त्याला उद्याभाऊ म्हणत. त्यानं काचेखालची काळी जाळी उचलली आणि टॉर्च मारला.

"ताई, मोटर ठणठणीत आहे. एकटीच फिरतेय बिचारी. हे बघा. मोटर फिरवते हा आखूड दांडा. त्याच्या टोकाला ही लोखंडी गोळी. गोळीवर बसते या लांब पट्टीची प्लॅस्टिकची वाटी. दांडा गोल फिरतो, पट्टी मागेपुढे होते, वायपर डावीउजवीकडे जातात. तुमची वाटी झिजली आणि गोळीवरून निसटली."

"मग वाटी बदला."

"नुसती वाटी मिळत नाही. अख्खं लिंकेज, म्हणजे ही दांड्यापट्ट्यांची सगळी जोडणीच घ्यावी लागते. गुरुवारी येईल."

"परीक्षा बुधवारी आहे."

"मग परीक्षा गुरुवारी द्या ना!"

घरी परतताना मास्तर खुशीत होते. "एका वाटीसाठी अख्खं लिंकेज! लुटारू आहेत नुसते. मी बसवतो."

दुपारी त्यांनी बाईंच्या बॅगेतून नमुन्याच्या नळीचं एक रबरी बूच काढलं, कापून वाटीत ठासलं आणि वाटी गोळीवर ठोकून बसवली. बाईंनी बटण फिरवलं. वायपर चालू झाले.

"बघ!" मास्तर म्हणाले. "उगाच चौतीस वर्षं पोस्टात घालवली."

बाई ओठ हलवत मोजत होत्या. बाराव्या फेरीला 'टक्' असं झालं आणि वायपर आडवे पडले.

"अकरा," बाई म्हणाल्या.

रविवारी मास्तरांनी मोटरवरून आखूड दांडाच काढला, वाटी तारेनं गोळीला करकचून बांधली आणि दांडा परत बसवला. आता एक गोष्ट अशी, की वायपरची मोटर बंद केली तरी जागच्या जागी थांबत नाही. फिरत फिरत आपल्या ठरलेल्या जागी जाते आणि मगच थांबते. दांडा त्या जागेशी जुळवून बसवावा लागतो. मास्तरांनी तो दिसेल तसा बसवला. परिणामी वायपर चालले, पण बंद केल्यावर दोघेही काचेवर हात वर करून उभे राहिले.

"काय मास्तर, गाडीनं शरणागती पत्करली वाटतं?" शेजारच्यांनी गच्चीवरून विचारलं.

मास्तरांनी रागानं बटण पुन्हा फिरवलं. तार तुटली, आणि वायपर शरणागतीतून थेट बेशुद्धीत गेले.

सोमवारी घरातली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी नाहीशी झाली.

"आई, कपडे कुठे घालू?" लेकीनं विचारलं.

"खुर्च्यांवर घाल आता. बाबांना काहीतरी सुचलंय."

सुचलं होतं ते असं: मोटरशी संबंध तुटला असला तरी दोन्ही वायपर आपसात पट्टीनं जोडलेले होते. एकाला हलवलं की दुसरा आपोआप हले. मास्तरांनी दोरीचं एक टोक डाव्या वायपरला बांधून डाव्या खिडकीतून आत घेतलं, दुसरं उजव्या वायपरला बांधून उजव्या खिडकीतून, बाईंच्या सीटच्या मागून आणलं. दोन्ही बाजूंची दोरी डाव्या सीटवरच्या माणसाच्या हातात आली. डावी ओढली की वायपर इकडे, उजवी ओढली की तिकडे.

"आता मीच मोटर," मास्तर म्हणाले.

मंगळवारी सबंध संध्याकाळ त्यांनी सराव केला. लेक पाइपनं काचेवर पाणी मारत होती, बाई गाडी चालवत हुकूम सोडत होत्या, मास्तर ओढत होते.

"डावं ओढा. सोडा. उजवं ओढा. सोडा. अहो, लय ठेवा की!"

"खाज आली होती नाकाला."

"मोटरला नाक नसतं."

बुधवारी आभाळ लख्ख होतं. "काच कोरडी, वायपरचं कामच नाही," मास्तर म्हणाले. "तरी दोरी असू दे. लागली तर लागली." डाव्या सीटवर परीक्षेच्या वेळी आपण नसणार, निरीक्षक असणार, हे ते विसरले होते. बाई विसरल्या नव्हत्या. पण गाठी इतक्या पोस्टाच्या पद्धतीनं मारल्या होत्या की सुटेनात.

निरीक्षक बारीक चणीचे, कंटाळलेले गृहस्थ होते. गाडीत बसताच त्यांनी कागदावर खूण करायला सुरुवात केली.

"हॉर्न?"

बाईंनी वाजवला.

"इंडिकेटर?"

बाईंनी लावला. इंडिकेटरच लावला.

"वायपर?"

बाईंनी बटण फिरवलं. घूंऽऽ. निरीक्षकांची मान कागदातच होती.

"मोटर चालू आहे," बाई म्हणाल्या. शास्त्रीय दृष्ट्या वाक्य निर्दोष होतं. निरीक्षकांनी खूण केली. रिपोर्टावर सही करताना बाईंना जसं वाटे, तसं मात्र मुळीच वाटलं नाही.

"आणि हे मांडीवर काय आहे माझ्या?"

"दोरी."

एकोणीस वर्षांत निरीक्षकांनी लोकांच्या गाड्यांत रडकी पोरं, उघडे डबे आणि एकदा जिवंत कोंबडी पाहिली होती. दोरीबद्दल त्यांनी पुढे काही विचारलं नाही. "चला. सरळ घ्या."

बाईंनी सरळ घेतलं. गिअर सुरेख पडले. चढावर गाडी बंद पडली नाही. एक कुत्रं आलं, पण ते जागं होतं. परतीच्या रस्त्यावर दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणारा टँकर पुढे चालला होता. बाईंची गाडी त्याच्या शेजारी आली आणि त्याचा पाइप हुकातून निसटला.

काच आधी धुळीनं भरलेली होतीच. तिच्यावर गढूळ पाण्याची सणसणीत धार आली आणि पुढचं जग चहाच्या रंगाचं झालं. मागे ट्रक होता, भोंगा वाजवत. एकदम ब्रेक मारायची सोय नव्हती.

"डावं ओढा!" बाई म्हणाल्या.

हा आवाज सव्वीस वर्षांत तयार झालेला होता. याच आवाजानं हजारो लोकांनी मूठ आवळली होती आणि सोडली होती. का, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. निरीक्षकांनीही विचारलं नाही. त्यांनी ओढलं.

"सोडा. उजवं ओढा. सोडा. डावं."

"मॅडम, हे..."

"बोलू नका, हात हलतो. उजवं. सोडा." आणि सवयीनं, "दुखत नाही."

काचेवर एक कमान उमटली, मग मोठी झाली. कागद निरीक्षकांच्या पायाशी पडला. टँकर मागे राहिला तरी त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं, म्हणून ते ओढतच होते.

परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाशी मास्तर इतर उमेदवारांच्या नातेवाइकांबरोबर उभे होते. गाडी आत आली. डाव्या सीटवर घामाघूम झालेले निरीक्षक त्यांची दोरी ओढत होते.

"खांद्यानं ओढतोय," मास्तर शेजारच्या माणसाला नाराजीनं म्हणाले. "मनगटानं ओढायची असते."

बाईंनी गाडी दोन रेषांच्या बरोबर मधे थांबवली. निरीक्षकांनी तळहात पाहिले. लाल वळ उठले होते.

"मॅडम, मी तुम्हाला पास करू शकत नाही. वळताना तुम्ही इंडिकेटर दिलात का, आरशात पाहिलंत का, मला काय माहीत? मी दोरी बघत होतो."

"म्हणजे नापास?"

"नापास तरी कशाच्या जोरावर करू? चूकही पाहिली नाही."

बाईंना ते पटलं. तेच तर वाईट होतं. "बरोबर आहे तुमचं. न पाहिलेल्या नमुन्याचा रिपोर्ट मीही देत नाही. आणि वायपरवर खूण केलीत तीही काढा. लिंकेज तुटलंय. मी फक्त मोटरचं सांगितलं होतं." त्यांनी रुमाल काढला. "मी काच पुसते. पुन्हा एक फेरी घेऊ, आता सगळं नीट बघा."

"त्याच रस्त्यानं?"

"दुसरा रस्ता आहे का?"

निरीक्षकांनी फाटकाबाहेर पाहिलं. टँकर वळून आता पलीकडच्या बाजूनं झाडांना पाणी घालत येत होता. पाइप अजूनही लोंबकळत होता.

"आणि पुन्हा पाणी उडालं तर?"

बाईंनी शक्यतेचा प्रामाणिकपणे विचार केला. "उडू शकतं."

निरीक्षकांनी कागद उचलला आणि गुडघ्यावर ठेवूनच भराभरा लिहिलं. काचेतून दिसत नसताना गाडी रेषेत ठेवली. मागच्या ट्रकचा धक्का लागू दिला नाही. स्वतःचा दोष स्वतः सांगितला. उत्तीर्ण. मग खाली, वेगळ्या ओळीत: गाडी इथून ओढून थेट गॅरेजला न्यावी. 'ओढून' या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

गुरुवारी लिंकेज आलं. उद्याभाऊनं आधी मोटर एकदा चालू करून बंद केली, ती आपल्या जागी जाऊन थांबली, मग दांडा बसवला, नवी वाटी गोळीवर दाबली. चाळीस मिनिटांत काम संपलं.

"मीही हेच केलं होतं," मास्तर म्हणाले. "फक्त क्रम वेगळा होता."

सोमवारी पहाटे बाई गाडीत बसल्या, तर डाव्या सीटवर मास्तर आधीच बसलेले. दाढी केलेली, दोन्ही तळहात मांडीवर उघडे.

"तुम्ही कुठे?"

"रस्त्यात काही लागलं तर?"

बाईंनी बटण एकदा फिरवलं. दोन्ही वायपर डौलात उठले, काच पुसून आपल्या जागी परत निजले. मास्तरांनी ते पाहिलं, पण मान्य केलं नाही.

"अहो, उतरा."

"मग मी दिवसभर करू काय?"

वरच्या खिडकीतून लेकीनं ओरडून सांगितलं, "बाबा, आधी माझी दोरी बांधा! सात दिवस झाले, बसायला एक खुर्ची नाही घरात!"

मास्तर उतरले. खिशातून दोरीचं भेंडोळं काढून त्यांनी काखेत धरलं आणि मोकळा हात हलवत फाटकाशी उभे राहिले. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, एकाच लयीत. बाईंनी पहिला गिअर टाकला आणि आरशात पाहिलं. वळणावर तो हात दिसेनासा होईपर्यंत त्यांचे ओठ हलत होते.

बारा. बुचापेक्षा एक जास्त.