हिंमतरावांचा मुतखडा आणि रबरी नळीची स्वारी

श्री तुळजाभवानी प्रसन्न. शके अठराशें ब्याऐंशीं, शार्वरीनाम संवत्सरीं, कसबे भूम येथें राजश्री हिंमतराव, दोन विहिरींचे मालक, यांचे मूत्रमार्गीं मुतखडा नामें गनीम येऊन बसला आणि त्यानें लघवीचा रस्ता जप्त केला, त्याची हकीकत खरी खरी लिहितों. हंसणारानें खुशाल हंसावें, परंतु हा प्रसंग वैऱ्यावरही न येवो.

वर्तमान फुटतांच भावकी सोयऱ्यांसह खबर घ्यावयास धांवली, आणि आजाऱ्याकडे रिकाम्या हातें जाणें हा या मुलखाचा शिरस्ता नव्हे, मग चुलतीनें कुळथाचें कढण आणिलें, मेहुण्यांनीं गोखरूचा काढा, व्याह्यांनीं पानफुटीचा रस, आणि कोणाचा तांब्या परत धाडावा तर जन्माचा रुसवा, म्हणून हिंमतरावांनीं अदब राखून सर्वांचें प्राशन केलें. आंत आवक बेसुमार, बाहेर वाट बंद! पोट तट्ट फुगलें आणि रावसाहेब खाटेवर गडबडां लोळूं लागले.

मग सरकारी दवाखान्याचे डॉक्टर वसंतराव पेटी घेऊन दाखल झाले, आणि पोट चाचपून त्यांनीं फर्माविलें कीं, पूर्वीं वैद्य धातूची नळी तुपांत बुडवून चालवीत, तेव्हां रोग्याची किंकाळी वेशीपार जाई. हल्लीं नळी रबराची, मऊ, निव्वळ मेहेरबान. ती आतांच न घातल्यास विष रक्तांत चढेल आणि उद्यांचा सूर्य दिसणें मुष्किल. हिंमतरावांनीं धोतर दोन्ही मुठींत गच्च धरून जबाब दिला कीं, जीव गेला तरी बेहत्तर, ही बेअब्रू कबूल नाहीं. भावकीनें माना डोलाविल्या, आणि व्याह्यांनीं आणखी एक तांब्या पुढें केला. या माणसांस काय म्हणावें!

तेव्हां रावांचें कुटुंब मथुराबाईसाहेब, ज्या आजवर पदराआडून बोलत, त्या पदर खोचून पुढें आल्या आणि तांब्या अंगणांत भिरकावून बोलल्या, “इज्जत घिऊन म्या काय करू? मला तुमी पायजेत.”

रावांच्या मुठी सुटल्या. भावकीस ओसरीवर हांकलण्यांत आलें, दार लागलें, नळीनें कूच केलें, गनीम मागें हटला, आणि मग घमेल्यांत जी धार लागली ती ऐकून ओसरीवर एकच जल्लोष उसळला. चुलती म्हणे गुण कुळथाचा, व्याही म्हणत पानफुटीचा, आणि हमरीतुमरीवर प्रकरण गेलें.

दार उघडलें. चारचौघांत बायकोचें नांव घ्यावयाचें नाहीं, हा या घराण्याचा दंडक, परंतु रावांनीं डोळे पुसत सर्वांदेखत म्हटलें, “मथुरा, बस इथं जरा.”

भावकीनें आपापले तांबे गोळा केले. बाईसाहेब खाटेवरच बसल्या. ही फत्ते बाईसाहेबांचे नांवें रुजू केली असे.