सातपुते कंट्रोलर आणि माळावरची शर्यत

रविवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत कुणाकडे नवा पाहुणा आलेला असला, तर तो हातातला चहा खाली ठेवून आधी आपली बॅग शोधतो. त्याचा दोष नसतो. शेजारच्या खिडकीतून खणखणीत आवाज आलेला असतो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! लाल गाडी डेपोत शिरत आहे. मागची चंदेरी गाडी विनाथांबा पुढे गेलेली आहे!" मग पाहुण्याला समजवावं लागतं की बसस्टँड इथून बराच लांब आहे, कुठलीही गाडी सुटलेली नाही, आणि हे आमचे शेजारी सातपुते टीव्हीवर मोटारींची शर्यत बघताहेत.

सातपुते नगरच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. म्हणजे चौकशीच्या खिडकीमागे बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवरून सांगणारा माणूस. अंगानं काटकुळे, चष्मा सतत नाकाच्या शेंड्यावर. एवढ्याशा देहातून तो आवाज निघतो यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. निवृत्त झाल्यावर नगरमध्येच आमच्या शेजारी राहायला आले. घरी एकटेच असतात.

शर्यतीचं वेड त्यांना इथं आल्यावर लागलं. बातम्या शोधता शोधता एका चॅनेलवर गाड्या दिसल्या. "काळे," त्यांनी दुसऱ्या दिवशी मला गाठून सांगितलं, "विचित्र प्रकार आहे. गाड्या वेळेवर सुटतात, पण जात कुठंच नाहीत. फिरून तिथंच येतात. एकही प्रवासी नाही. तरी माझ्यानं टीव्ही बंद होईना."

गाड्यांपेक्षाही त्यांचं लक्ष बोलणाऱ्यांकडे. टीव्हीवर समालोचन करणारे ते दोघे-तिघे म्हणजे सातपुत्यांच्या हाताखालचे कर्मचारी असावेत, असा एकूण थाट. रिमोट हातात घेऊनच बसायचं. समालोचक चुकला की आवाज बंद. शिक्षा म्हणून. त्याची शिक्षा भोगून होईपर्यंत पुढचं समालोचन सातपुते स्वतः करणार, आणि ते गल्लीला ऐकू जाणार.

मला ते अधूनमधून साक्षीला बोलावतात. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण बोलावण्याबरोबर गुडदाणी मिळते.

"हा बघा," ते टीव्हीकडे बोट दाखवून म्हणतात, "काय म्हणाला? निळी गाडी पुढे गेली. अरे, ती मला दिसली! का गेली ते सांग. टायर नवे होते, की पुढचा झोपला होता? प्रवाशाला काय कळलं?"

प्रवाशाला काय कळलं, हा त्यांचा शेवटचा सवाल. टीव्ही बघणाऱ्याला ते प्रेक्षक म्हणतच नाहीत, प्रवासी म्हणतात. टायर बदलायला आत वळलेली गाडी डेपोत गेलेली असते. सगळ्यात मागं रेंगाळणारी गाडी म्हणजे सर्व थांबे घेणारी. एका हिंदी समालोचकाला दर वळणावर शेर सुचायचा. त्याची शिक्षा दोन शर्यती पुरली.

पण एखाद्यावर खूशही होतात. एक वयस्कर इंग्रज समालोचक त्यांचा लाडका आहे. शर्यत सुटायच्या आधी वरचे लाल दिवे एकेक करून लागतात आणि मग सगळे एकदम विझतात, तेवढा वेळ तो माणूस एक अक्षर बोलत नाही. "याला म्हणतात समालोचक," सातपुते मला हळू आवाजात सांगतात, कारण तेही त्या वेळी मोठ्यानं बोलत नाहीत. "इंजिनाला बोलू दिलं. नाहीतर हे दुसरे! पहिल्याच फेरीला टॉप गिअरात ओरडतात. शेवटच्या फेरीला काय ओरडणार? आणि दोघं एकदम बोलतात. एकानं काय घडलं ते सांगावं, दुसऱ्यानं का घडलं ते. एका माइकवर दोन गाड्या लागल्या तर माणूस चढणार कुठल्या गाडीत?"

ही तत्त्वं ते नुसती बोलून दाखवत नाहीत. गेल्या गणपतीत आमच्या कॉलनीत बायकांची लिंबू-चमचा शर्यत होती. माइक सातपुत्यांकडे दिला. त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायकवाडवहिनी आणि बोरुडेवहिनी यांच्यातल्या चुरशीचं वर्णन केलं. गायकवाडवहिनींनी चमचा दातांत कसा बदलून धरला, बोरुडेवहिनींनी वळताना आतली बाजू कशी पकडली, सगळं. लोक टाचा उंचावून बघत होते. चुरस सातव्या नंबरसाठी होती. पहिल्या आलेल्या बाईंचं नाव त्यांनी घेतलंच नाही. त्या बाईंचे यजमान तावातावानं मांडवात आले, तर सातपुते शांतपणे म्हणाले, "त्या सगळ्यांना दिसत होत्या की. शर्यत मागं चालली होती." ते गृहस्थ अजून आमच्या गल्लीतून स्कूटर नेत नाहीत.

अशा माणसाच्या हाती एक दिवस खरीखुरी शर्यत लागली.

आमच्या केबलचं काम बघणारा बंडू स्वतःचं एक छोटं लोकल चॅनेलही चालवतो. काष्टीच्या अलीकडे एका माळावर काही हौशी लोकांनी जीपगाड्यांची शर्यत ठरवली होती. मातीचा गोल रस्ता, मध्ये चढउतार, कडेला पोत्यांच्या भिंती. बंडू ती चॅनेलवर आणि मोबाईलवर थेट दाखवणार होता. तो सातपुत्यांकडे आला.

"काका, वायर जोडताना तुमाला लई येळा ऐकलंय. माइक तुमीच घ्यायचा."

सातपुत्यांनी नाही-नाही म्हणत चष्मा पुसला आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीला कपडे टाकले.

मी त्यांच्याबरोबर गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टेबल, टेबलावर दोन माइक आणि छोटा टीव्ही. शेजारी लग्नं-उद्घाटनं गाजवणारा एक तरुण सूत्रसंचालक, काळा चष्मा लावून. त्यानं "अहाहा, काय ती धूळ!" अशी सुरुवात केली. सातपुत्यांनी माइकवर हात ठेवून त्याला सांगितलं, "धूळ दिसते आहे. धुळीत कोण आहे ते मी सांगतो, तो तिथं का आहे ते तुम्ही सांगा." पोरगा बिचारा गोंधळला, पण हळूहळू रुळावर आला.

अडचण वेगळीच निघाली. शर्यतीत एक जुनी पांढरी जीप होती. चालवणारा गोरख, पाथर्डीकडचा, एरवी त्याच जीपमध्ये प्रवासी भरून गावोगाव सोडणारा. सातपुत्यांचा सगळा जन्म अशा जीपवाल्यांशी भांडण्यात गेला होता. स्टँडच्या दाराशी उभे राहून "चला पाथर्डी, पाथर्डी" म्हणत हे लोक त्यांचे प्रवासी उचलून न्यायचे. गोरख शेवटून निघाला आणि एकेकाला मागं टाकत तिसऱ्या नंबरवर पोचला. सातपुते चौथ्याचं सांगत होते, पाचव्याचं सांगत होते, तिसऱ्याचा उल्लेख नाही. सूत्रसंचालकानं त्यांच्याकडे बघितलं. मीही बघितलं.

सातपुते एक घोट पाणी प्याले आणि त्यांनी माइक जवळ ओढला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. एक चूक दुरुस्त करतो. पांढऱ्या जीपचं नाव मी आतापर्यंत घेतलं नाही. ती शेवटून येऊन तिसरी आहे. चालवणारा गोरख, तालुका पाथर्डी. चढावर गिअर आधी बदलतो, म्हणून त्याची गाडी दमत नाही. चांगला चालवतो आहे."

खाली गर्दीत कुणीतरी शिट्टी मारली.

तेवढ्यात बंडू ट्रॉलीवर चढला. "काका, रेंजचा घोळ हाय. मोबाईलवर बगनारांचं चित्र अडकतंय. आवाज तेवढा जातोय."

जे दिसतं ते सांगायचं नाही, हे सातपुत्यांचं समालोचनाचं पहिलं तत्त्व. ते त्यांनी तिथल्या तिथं खाली ठेवलं आणि जे दिसेल ते सगळं सांगायला लागले. कुठली गाडी कुठं आहे, कोण वळतंय, कोण पोत्यांना घासलं.

आणि पुढच्याच फेरीला पांढरी जीप उतारावरून वळताना कलंडली. एक कोलांटी खाऊन आडवी पडली. धुळीचा लोट उठला आणि काही दिसेना.

सूत्रसंचालक किंचाळला, "अरे बापरे! भयंकर! भयानक अपघात!" सातपुत्यांनी त्याच्यापुढचा माइक उचलून माझ्या हातात दिला. मग आपल्या माइकवर, पाथर्डी गाडी थोडी उशिरा सुटेल असं सांगावं तशा आवाजात बोलायला लागले.

"पांढरी जीप वळणावर आडवी झाली आहे. धूळ आहे, त्यामुळे गोरख मला अजून दिसत नाही. दिसला की सांगतो. मी इथंच आहे." जरा थांबून, "बाकीच्या सगळ्या गाड्या थांबवल्या आहेत. माणसं धावत निघाली आहेत. आग नाही. पुन्हा सांगतो, आग नाही." मग बराच वेळ वाटावा इतकं थांबले. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. "माणसं जीपपाशी पोचली. खिडकीतून एक हात बाहेर आला आहे. हात हलतो आहे. आता डोकं. हेल्मेट त्यानं स्वतः काढलं. गोरख उभा आहे. डावा हात धरून उभा आहे. अँब्युलन्सकडे निघाला आहे. कुणी उचललेलं नाही, आपल्या पायांनी चालतो आहे."

शर्यत पुढे झाली, कुणीतरी जिंकलं. येताना गाडीत सातपुते झोपल्यासारखे डोळे मिटून बसले होते. मी म्हटलं, उत्तम झालं. ते म्हणाले, "'भयंकर' म्हणायला काय लागतं. प्रवाशाला काय कळलं त्यातून?"

पुढे साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर एका दुपारी त्यांच्या दारात एक बाई उभ्या होत्या. बरोबर गोरख. त्याचा हात प्लॅस्टरमधून नुकताच सुटलेला. बाई म्हणजे त्याची आई, हिराबाई. त्यांनी पिशवीतून बाजरीचं पीठ आणि ठेचा काढून ठेवला. सातपुते इतके गडबडले की पाणी आणायला मला आत पाठवलं.

"आमी ऊसतोडीला हुतो," हिराबाई म्हणाल्या. "फडाजवळ पाचटाच्या कोपीत समद्या जनी एका मोबाईलला चिकटून बसलो. पोराची जीप आडवी झाली आन् चित्र तिथंच अडकलं. हालंना का डुलंना. बायांनी रडायला सुरुवात केली. पर तुमचा आवाज येत हुता. तुमी म्हनले, मी हितंच हाय. म्हनलं, हा मानूस हाय तवर आपन बी रडायचं न्हाई."

सातपुते खाली बघत होते.

"तुमाला कसं कळलं, मी ऐकतीय म्हनून?"

"मला नव्हतं माहीत," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता त्या बाईंना सांगायला लागले. इतक्या वर्षांच्या शेजारात मला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

"आमची खोली स्टँडाच्या मागं होती. कर्ण्याचं तोंड नेमकं आमच्या स्वयंपाकघराकडे. आमची मंडळी कधी स्टँडावर आली नाही, पण दिवसभर ऐकत असायची. माझा घसा बसलेला असला, तर मी पोचायच्या आत हळदीचं दूध तयार. कुणाशी भांडण झालेलं असलं, तर काही विचारायची नाही, आधी जेवायला वाढायची. संध्याकाळची शेवगाव गाडी मी पुकारली की ती कुकर लावायची, कारण त्यानंतर माझी ड्यूटी संपायची. सगळ्या स्टँडाला वाटायचं, मी त्यांना सांगतोय."

हिराबाईंनी पदर सारखा केला. "आता न्हाईत का त्या?"

"नाही. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी गेली. त्यानंतर तेवढं एक वर्ष पुकारणं फार जड गेलं."

गोरख भिंतीकडे बघत बसला. मी पेले उचलले.

परत जायला त्यांच्याकडे जीप नव्हती. तिचं काम अजून गॅरेजमध्ये चालू होतं. सातपुते चपला घालून म्हणाले, "चला, मी गाडीत बसवून देतो." निवृत्तीनंतर ते स्टँडावर पाऊल टाकत नाहीत, हे मला ठाऊक होतं. कुठं जायचं झालं तरी पुढच्या चौकात जाऊन गाडीला हात करायचे. मी रिक्षा बोलावली आणि बरोबर निघालो.

पाथर्डी गाडी फलाटाला लागली होती. त्यांनी हिराबाईंना खिडकीची जागा बघून दिली. गोरखला म्हणाले, "हात पूर्ण बरा होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही." गोरख म्हणाला, "व्हय, साहेब." गाडी सुटली, हिराबाईंनी हात हलवला, आणि गाडी दाराबाहेर वळून दिसेनाशी झाली. तरी सातपुते फलाटावरच उभे.

वर कर्ण्यातून एका मुलीचा ध्वनिमुद्रित आवाज सुरू झाला. स्वच्छ, गोड, एकही शब्द न अडखळता तिनं तीन गाड्या पुकारल्या. सातपुत्यांनी मान वर करून सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, आता शिक्षा सुनावणार.

"आवाज चांगला आहे," ते म्हणाले. "उच्चारही शुद्ध आहेत." मग जरा थांबून, "फक्त पोरीला घरी कुणी ऐकत नसावं."

आणि चष्मा वर सरकवून ते स्टँडाच्या मागच्या गल्लीच्या बाजूनं चालायला लागले. तो घरी जायचा रस्ता नव्हता. मी त्यांच्या मागून गेलो.