निखाडेकाकांचा आतला ऑपरेटर

सकाळी शाळेत शिकवायला निघालो की फाटकाशी निखाडेकाका उभेच.

"थांब! आज कोणती चप्पल आधी घातली?"

आता हे कोणाला आठवतं? मी चपलांकडे बघू लागलो की काका टाळी वाजवतात. "पाह्य! तुले मालूमच नाही. मंग घातली कोणं?"

"मीच ना काका."

"तू नाही रे बाप्पा! आतल्यानं घातली!"

निखाडेकाका सेक्टर सहामधले आमचे शेजारी. जन्मभर इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवली. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक माणसात दोघं असतात. वरचा नुसता बोलतो, काम सगळं आतला करतो. "मी केबिनमंधी डब्यात भाजी कोणती असंल याचा विचार करत राहो, अन् लीवर आतला चालवे. खाली उभ्या माणसानं सिग्नलले हात उचलायच्या आधी आतल्याले समजे!" हे सांगताना त्यांचे दोन्ही हात हवेतले लीवर ओढत असतात आणि आवाज समोरच्या गल्लीपर्यंत जातो.

एकदा काकांनी माझ्या बायकोला विचारलं, "पोळी लाटताना तिले गोल कोण फिरवते?" ती बिचारी नीट बघायला गेली, आणि त्या दिवशी आम्ही पोळ्यांऐवजी नकाशे खाल्ले. काकांना कोण आनंद! "वरच्यानं आतल्याच्या कामात नाक खुपसलं, पाह्य!" म्हणत त्यातले दोन त्यांनीच संपवले.

एखादं नाव आठवलं नाही तर ते डोकं खाजवत नाहीत. "आतल्याकडे अर्जी देली," म्हणून मोकळे. मागच्या महिन्यात असाच जुन्या फोरमनच्या नावाचा अर्ज मंजूर झाला, तो सुपेल्याच्या ऐन चौकात. काकांनी स्कूटरवर उभं राहून आरोळी ठोकली, "देवांगन!" तीन दुकानदार बाहेर आले. मागचा ट्रक कसाबसा थांबला.

ही बातमी नागपूरला त्यांच्या मुलीपर्यंत गेली आणि संध्या तडक येऊन धडकली. "भाऊ, ही स्कूटर आता विकायचीच. रविवारी गिऱ्हाईक येऊन राहिलं. बाबा तुमचंच ऐकतात, तुम्ही समजवा."

तिचं चुकत नव्हतं. मी काकांना म्हटलं, चला, स्कूटरवरून मरोद्याच्या तलावावर जाऊन येऊ. वाटेत विषय काढावा, असा बेत. मी मागे बसलो. काकांनी किक मारली, गिअर टाकला, आणि गाडी हलेचना.

"काका, चला ना."

काका समोर बघत थांबलेले. कंटाळून मी त्यांच्या खांद्यावर दोनदा थोपटलं, तशी स्कूटर लगेच निघाली. पहिल्या स्पीडब्रेकरला वेग कमी करत ते म्हणाले, "धरून बस वं."

वं! हे तर बाईमाणसाला म्हणायचं. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. त्या एका बाजूला पाय सोडून बसायच्या, पदर आवरायच्या आणि खांद्यावर दोनदा थोपटायच्या. मग गाडी सुटायची. आख्ख्या गल्लीनं हे पाहिलेलं.

मरोद्याला उतरल्यावर मी कसंबसं म्हटलं, "काका, तुम्ही मघाशी..."

"मालूम आहे मले." पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "वरच्याले सारं मालूम आहे. त्यानंच तर अग्नी देला. पण आतल्याले म्या अजून सांगतलं नाही. त्याच्यासाठी तुही काकू मांगं बसूनच आहे." सीटवरची धूळ त्यांनी तळहातानं पुसली. "गाडी गेली का त्याले समजून जाईन रे."

मला रडू आलं. संध्याचं काम माझ्याच्यानं झालं नाही आणि होणारही नव्हतं.

परतताना काकांनी किक मारली, गिअर टाकला आणि थांबले. माझा हात उठला, खांद्यावर दोनदा पडला. तो कोणी उचलला, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.