बासष्ट बाटल्या, एक पोट

आमच्या वाडीत पान हलतं तेही गावकीच्या एकमतानं. कुडपणच्या डोंगरात भांडून जाणार कुठं? त्यामुळे आरोग्य खात्याच्या अंकिता मॅडम बासष्ट बाटल्या घेऊन आल्या, तेव्हा विषय रीतसर बैठकीपुढे ठेवण्यात आला.

"प्रत्येकानं आपापल्या शौचाचा नमुना द्यायचा," मॅडम सांगून गेल्या. "पोटात कोणते जंतू वाढलेत त्यावरून आतड्याच्या कॅन्सरची शंका लवकर येते."

बैठकीत वाडीतला सुनील उठला. "एकाच्या पोटात वाईट जंतू निघाले, तर अख्ख्या वाडीच्या पोरींची लग्नं अडतील. त्याचं काय?"

प्रश्न बिनतोड होता. ठराव झाला: वाडीतलं सर्वांत निरोगी पोट भागोजी आजोबांचं, सबब सर्वांच्या वतीनं त्यांनीच नमुना द्यावा. लिहिला मीच, गावकीचा सेक्रेटरी ना मी! आजोबा तीन सकाळी राबले. बासष्ट बाटल्या म्हणजे काय चेष्टा आहे?

अडून बसली ती फक्त माझी चिमाकाकी. "दोन महिनं परसाकडला रगत पडतंय रे. माझी बाटली माझी मला दे."

"काकी, एकमत मोडेल," मी म्हणालो.

निकाल आला. माणसं बासष्ट, जंतू तंतोतंत सारखे, सगळे सज्जन. खात्याला संशय यावा? छे! खात्यानं 'एकजीव आतडे आदर्श वाडी' असा फलक मंजूर केला आणि पोलादपुरात सत्कार ठेवला.

काकीचं रक्त काही थांबेना. शेवटी तिला महाडच्या तपासणी शिबिरात नेलं. टेबलामागच्या साहेबांनी संगणक पाहिला.

"चिमाबाई? पोट उत्तम. निरोगी व्यक्तीचा नमुना वर्षभर पुन्हा घेता येत नाही."

"अवो, मला रगत जातंय!"

"रिपोर्टमध्ये जात नाही."

काकीनं माझ्याकडे पाहिलं. त्या बाटलीतला नमुना तिचा नव्हता, एवढंच मला बोलायचं होतं. पण शनिवारी सत्कार, फलक स्वीकारणार मी, नव्या कोऱ्या फेट्यात. मी मान खाली घातली. लाज वाटली हो, नाही असं नाही.

परतताना एसटीत काकी हळूच म्हणाली, "सत्कार झाला की तरी सांगशील ना रे?"

सत्काराला महिना झाला. काकी आता अंथरुणातून उठत नाही, आणि माझं सांगणं पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे.

थू म्हणताय ना माझ्यावर? म्हणा. पण परवा रक्त दिसलं तेव्हा 'मूळव्याध असेल' म्हणत तुम्ही गुपचूप फ्लश दाबलात. तुमच्या संडासात तर गावकीही बसत नाही.